लहान पोरांना घेऊन दिवाळीची नानकटाई : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली की जाऊबाई, खालच्या मजल्यावरच्या काकू, ऑफिसमधल्या दोघीतिघी मला तेच तेच विचारतात. त्यांना वाटतं मला फार येतं, पण खरं सांगायचं तर माझ्या चुका त्यांच्यापेक्षा जास्त करून झाल्यात एवढंच. लेक तीन वर्षांची असताना तिला पहिल्यांदा परातीजवळ बसवली, आता साडेसहाची आहे, म्हणजे चार दिवाळ्यांचा अनुभव आणि त्यात एक अख्खा ट्रे कचऱ्यात गेलेला. तर सगळं एकदाच लिहून टाकते.

एवढ्या फराळात नानकटाईच का? चकली, करंजी का नाही?

कारण तळण. कढईत उकळतं तेल आणि ओट्याला लोंबकळणारं पोर हे कॉम्बिनेशन मला झेपत नाही, कुणालाच झेपू नये. नानकटाईत शेवटची वीस मिनिटं सोडली तर आगीशी संबंधच नाही, सगळं काम जमिनीवर परात घेऊन बसून होतं. परत अंडं नाही, पाक नाही, एकतारी-दोनतारीचं टेन्शन नाही. करंजीचं सारण बाहेर आलं की ती तेलात फुटते आणि सगळं तेल खराब होतं, नानकटाई वाकडी झाली तर ती फक्त वाकडी नानकटाई होते. लहान मुलाच्या हातात द्यायचा पदार्थ असाच असावा, चूक झाली तरी खाता येणारा.

कुठल्या वयाचं मूल काय करू शकतं?

दोन वर्षांचं पोर वाटीतलं पीठ परातीत ओततं (अर्धं बाहेर) आणि बोटाने खड्डा पाडतं, बास. तीनचं झालं की चाळणी हलवतं, हे काम त्यांना फार आवडतं, पांढरा पाऊस पडतो ना. चार-पाचला गोळे वळता येतात, वाट्या मोजता येतात. सहाला आमची लेक वेलदोडे सोलून खलबत्त्यात कुटते, आणि ते मी तिला मुद्दाम राखून ठेवलेलं काम आहे कारण त्यात पंधरा मिनिटं आरामात जातात.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. मुलाला खोटं काम दिलं की त्याला लगेच कळतं. पहिल्या वर्षी मी तिला बाजूला पिठाचा वेगळा गोळा दिला खेळायला, म्हटलं तिचं तिला आणि माझं मला. पाच मिनिटांत तिने ओळखलं की तिचा गोळा ओव्हनमध्ये जाणार नाहीये आणि मग जे भोकाड पसरलं ते आजीने उचलून गॅलरीत नेईपर्यंत थांबलं नाही. तेव्हापासून ठरवलंय, काम छोटं द्यायचं पण खरं द्यायचं.

प्रमाण सांगा ना एकदाचं.

हो हो. एकच वाटी धरायची, आमटीची नेहमीची, आणि सगळं तिनेच मोजायचं. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी बारीक रवा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी थिजलेलं साजूक तूप, पाऊण चमचा बेकिंग पावडर (चहाचा चमचा), चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि थोडं किसलेलं जायफळ. मध्यम वाटीत साधारण बावीस-चोवीस होतात. बेसनाने खमंगपणा येतो आणि रव्याने तो खुसखुशीत दाणेदारपणा. बेसन आणि रवा दोन्ही वगळून नुसत्या मैद्याचीही होते पण मग ती मला बिस्किटासारखी लागते.

मीठ गाळू नका. गोडात मीठ कशाला असं आमच्या आईंनी (सासूबाई) पण विचारलं होतं, पुढच्या वर्षी त्यांनीच स्वतःहून चिमूट टाकली.

तूप पातळ असलं तर चालेल का?

नाही. बहुतेकांची नानकटाई बिघडते ती इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तूप आणि पिठीसाखर आधी फेसायची असते. फेसायची म्हणजे परातीत घेऊन तळहाताने गोल गोल घासत राहायचं, आठ-दहा मिनिटं, रंग पिवळ्यावरून पांढऱ्यावर येईपर्यंत आणि हाताला लोण्यासारखं हलकं लागेपर्यंत. ह्यात काय होतं तर साखरेचे कण तुपात फिरताना हवेचे बारीक बुडबुडे अडकवून ठेवतात, आणि भाजताना तेच बुडबुडे फुगून नानकटाई हलकी होते. पातळ तुपात हवा अडकतच नाही. वितळलेलं तूप घातलं की पीठ तेलकट होतं, ट्रेमध्ये पसरतं आणि भाजल्यावर एकतर भाकरी होते नाहीतर दगड.

आता प्रॉब्लेम असा की दिवाळी कधी ऑक्टोबर हिटमध्ये येते आणि तेव्हा पुण्यात पण तूप डब्यात पातळच असतं. मग वाटीभर तूप फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवायचं, दगड होऊ द्यायचं नाही, बोट दाबलं तर खड्डा पडला पाहिजे. मुलांचे हात गरम असतात हे पण लक्षात घ्या, लेकीने वळलेल्या गोळ्यांना तूप सुटतं आणि माझ्या गोळ्यांना नाही असं मला दोन वर्षं वाटत होतं की ती जास्त दाबते म्हणून, पण ते हाताच्या उबेमुळे असतं. उपाय सोपा आहे, वळून झाले की अख्खा ट्रे वीस मिनिटं फ्रिजमध्ये. मावत नसेल तर ताटली ताटलीने ठेवा.

फेसायचं काम मुलाला द्याच. कोपरापर्यंत माखायला मिळतं आणि कुणी ओरडत नाही, असं वर्षात किती वेळा होतं त्यांच्या आयुष्यात? दहा मिनिटं ते करणार नाहीत, तीन करतील, उरलेली सात तुम्ही.

तुपाऐवजी बटर? डालडा?

बटर चालतं पण त्यात पाणी असतं, तूप म्हणजे जवळपास सगळीच स्निग्धता. त्यामुळे बटरची नानकटाई चविष्ट होते पण तितकी भुसभुशीत नाही. आणि नेहमीचं खारं बटर असेल तर वरचं मीठ वगळा. डालड्याची नानकटाई खरंच खुसखुशीत होते, ते मान्य करायला पाहिजे, बेकरीवाले उगाच वापरत नव्हते. २०२२ पासून आपल्याकडे अशा तुपा-तेलांतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणलीय त्यामुळे पूर्वीइतकं घाबरायचं कारण नाही, तरी मी पोरांसाठी साजूकच वापरते. घरचं कढवलेलं रवाळ तूप असेल तर काय बोलायचं कामच नाही.

खाण्याचा सोडा टाकला तर?

चालतो पण पाव चमच्यापेक्षा कमी. सोडा हा बेकिंग पावडरच्या तीन-चार पट जोरदार असतो, आणि त्याला काम करायला काहीतरी आंबट लागतं, म्हणून काहीजण एक चमचा दही घालतात. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. मला माहितीय कारण मी एकदा घातला आणि मी फोन घ्यायला उठले तेव्हा लेकीने "आईची मदत" म्हणून परत घातला. तोच तो कचऱ्यात गेलेला ट्रे. तेव्हापासून सोडा, बेकिंग पावडर, मीठ ह्या तीन गोष्टी मी आधीच मैद्यात चाळून ठेवते आणि बरण्या वरच्या फळीवर.

पीठ कणकेसारखं मळायचं का?

अजिबात नाही! पोळीची कणीक आपण तिंबतो ती चिवट व्हावी म्हणून, इथे चिवटपणा नकोच आहे. फेसलेल्या तुपात चाळलेलं पीठ घालून नुसतं गोळा करायचं, मुठीत दाबलं की एकत्र राहतंय ना, झालं. कोरडं वाटलं तर आधी दोन मिनिटं थांबा, रवा जरा तूप पिऊन मऊ होतो, मग लागलंच तर एखादा चमचा तूप. पाणी घालू नका. मुलांचा प्रॉब्लेम असा की ती त्याला क्ले समजतात आणि तोडतात, जोडतात, साप करतात, परत गोळा करतात, तेव्हा मी पीठ एकदम सगळं देत नाही, लिंबाएवढा एकेक गोळा हातावर ठेवते, वळला की ट्रेमध्ये, मग पुढचा.

पोरगं कच्चं पीठच खातंय, काय करू? अंडं तर नाहीये त्यात.

अंडं नसलं तरी खाऊ द्यायचं नाही. कच्चा मैदा, कच्चं बेसन हे भाजलेले नसतात, शेतातून गिरणीत आणि गिरणीतून पिशवीत आलेले असतात, त्यात जुलाब-उलट्या करणारे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. बोट चाटलं म्हणून लगेच काही आभाळ कोसळत नाही पण वाटीभर पीठ खाणं चांगलं नाही.

नुसतं "नको नको" म्हणून काही होत नाही हो, समोर तूप-साखर फेसलेली परात आणि त्याला हात लावायचा पण चाटायचा नाही, मोठ्यांना पण जमत नाही. मी दोन गोष्टी करते. एक, बसायच्या आधी पोट भरलेलं पाहिजे, उपाशी पोराला घेऊन बसू नका. दुसरं, बाजूला चुरमुऱ्यांची किंवा भाजक्या पोह्यांच्या चिवड्याची वाटी. आणि तूप-साखर फेसून झाली की पीठ घालायच्या आधी त्यातला एक चमचा चाटायला काढून देते, त्यात मैदा नाही त्यामुळे बिनधास्त. तेवढ्यावर बऱ्याचदा भागतं.

ओव्हन नाहीये आमच्याकडे.

कढईत होते, मस्त होते. जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची मोठी कढई घ्या, आत स्टँड किंवा उपडी वाटी, वर घट्ट बसणारं झाकण. काहीजण खाली जाडं मीठ पसरतात, त्याने उष्णता सारखी राहते, नसलं तरी चालतं. मध्यम आचेवर दहा मिनिटं रिकामी तापू द्यायची, मग तुपाचा हात लावलेल्या ताटलीत पाच-सहा नानकटाया एकमेकींपासून लांब ठेवून आत, गॅस एकदम बारीक, वीस ते पंचवीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. नॉनस्टिक कढई ह्यासाठी नको, ती रिकामी तापवायची नसते.

कुकरमध्ये पण होते, फक्त शिट्टी आणि रबर दोन्ही काढा आणि आत पाणी नको. हे काढायला विसरू नका, परत सांगते, शिट्टी आणि रबर.

कढईतल्या नानकटाईचा वरचा भाग पांढरट राहतो आणि बूड गुलाबी होतं. ते बरोबर आहे, वरून लाल व्हायची वाट बघत बसाल तर खालून करपेल.

मायक्रोवेव्ह आहे, त्यात?

कन्व्हेक्शनवाला असेल तर हो, नुसता अन्न गरम करायचा असेल तर नाही. कन्व्हेक्शन मोडवर आधी गरम करून घ्यायचा, १६० अंश सेल्सियसला ठेवायचा आणि आतला बुटका स्टँड वापरायचा. धातूचा ट्रे फक्त कन्व्हेक्शन मोडमध्येच, चुकून मायक्रो मोड लागला तर ठिणग्या उडतात.

ओटीजीला (विजेचा छोटा ओव्हन) किती तापमान, किती वेळ? आणि झाली हे कळायचं कसं?

दहा मिनिटं आधी तापवून ठेवा, वरची खालची दोन्ही कॉईल, १७० अंश, मधला रॅक, १५ ते १८ मिनिटं. घरगुती ओटीजीचं डायल फार भरवशाचं नसतं आणि मागची बाजू बहुतेक जास्त तापते, म्हणून दहा मिनिटांनी ट्रे फिरवायचा. वर बारीक चिरा पडल्या, कडेला हलका बदामी रंग आला आणि घरभर वास सुटला की बंद करा. आतून काढल्यावर ती मऊ लागते आणि सगळे फसतात, "अजून कच्चीये" म्हणून परत आत ढकलतात आणि मग दात तुटायची वेळ येते. ती गार होताना कडक होते. पंधरा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, हलवलीत तर हातात चुरा.

ही वीस मिनिटं पोरांसाठी सगळ्यात अवघड. आमच्याकडे ओटीजीच्या दारासमोर जमिनीवर खडूने रेघ मारलेली असते, रेघेच्या ह्या बाजूला पाट टाकून लेक बसते आणि काचेतून बघते, टीव्ही लावायची पण गरज पडत नाही. "आई फुटली फुटली!" असा ओरडा आला की समजायचं चिरा पडल्यात. काच आणि ओटीजीची वरची बाजू दोन्ही भयंकर तापतात, त्यामुळे रेघ ही फक्त गंमत नाहीये.

हात भाजलाच तर?

नळाचं साधं वाहतं पाणी, तब्बल वीस मिनिटं. दोन मिनिटं धरून सोडू नका. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप तर नकोच, घरात कुणीतरी मोठं माणूस ते घेऊन धावत येईलच तेव्हा त्यांना गोड बोलून थांबवा. अंगठी, बांगडी असेल तर सूज यायच्या आधी काढा, फोड फोडू नका. चेहऱ्यावर, तळहातावर भाजलं असेल किंवा डाग पोराच्या तळहाताएवढा असेल तर सरळ डॉक्टर.

आमची पसरली / आमच्याला चिरा पडल्या / आमची दगड झाली.

पसरली म्हणजे तूप जास्त किंवा गरम, नाहीतर ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. पुढच्या ट्रेसाठी उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा मिसळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. चिरा पडणं हा दोष नाहीच, नानकटाईला चिरा पाहिजेतच. दगड झाली तर एकतर मळलीत नाहीतर जास्त भाजलीत. कुणी दोन्ही केलं असेल तर चहात बुडवा, चहा सगळं माफ करतो.

वरून पिस्ता-बदाम लावायचे ना?

काप लावा, आख्खे नको. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आख्खा दाणा घशात अडकू शकतो. मी तर पूडच करून पिठात घालते, आणि वर खड्डा पाडायचं काम लेकीच्या अंगठ्याचं. पुतण्या आला होता तेव्हा दीड वर्षांचा होता, त्याच्या अंगठ्याचा खड्डा एवढासा, त्या चार नानकटाया आईंनी खाऊच दिल्या नाहीत कुणाला, शेवटी तुळशीच्या लग्नाला मऊ पडल्यावर निघाल्या. केकवरचे ते चांदीचे कडक मणी पण लहानांना नको.

मैदा नकोय. कणीक, नाचणी? आणि साखर कमी?

अर्धा मैदा अर्धी कणीक छान होते. पूर्ण कणकेची जरा जड पण चालते. नाचणीची करायची तर अर्धी नाचणी अर्धी कणीक, फक्त नाचणी मुळात तपकिरी असल्यामुळे भाजल्याचा रंग कळत नाही, नाकावर विसंबावं लागतं. साखर पाव हिश्शाने कमी केलीत तर काही बिघडत नाही, त्याखाली गेलात तर खुसखुशीतपणा जातो कारण साखर फक्त गोडीसाठी नसते. गूळ पावडर घातली तर चव मस्त पण लवकर मऊ पडते. बाकी माझं स्पष्ट मत असं की पौष्टिक करायच्या नादात नानकटाईची नानकटाई राहत नाही, त्यापेक्षा दोन खा आणि खाली खेळायला जा. गव्हाची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा.

मुलाचं लक्ष किती वेळ टिकतं? दिवस कुठला निवडावा?

वीस मिनिटं. पंचवीस म्हणजे बोनस. म्हणून तयारी सगळी आधी तुम्ही करायची, साखर दळलेली, मैदा चाळायला काढलेला, ट्रेला तूप लावलेलं, आणि मग मुलाला हाक मारायची. मी आधी तिला घेऊन बसायचे आणि मग मिक्सरचं भांडं शोधायचे, तेवढ्यात तिचा उत्साह संपून ती पिठात गाडी चालवत असायची.

दिवस म्हणाल तर चकली-शेव तळायच्या दिवशी अजिबात नको. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी, सुट्टी लागल्या लागल्या, दुपारची झोप झाल्यावर चारच्या सुमाराला. आणि लाईट जायची वेळ बघून. एका वर्षी ट्रे आत गेला आणि सहाव्या मिनिटाला लाईट गेली, अर्धवट भाजलेल्या त्या कढईत हलवून पूर्ण केल्या, चवीला बऱ्या होत्या पण दिसायला... जाऊ दे.

मुलाच्या वाकड्यातिकड्या होतात, पाहुण्यांना कशा द्यायच्या?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि मी पण ह्यात अडकलेय. साडेतीन वर्षांची होती तेव्हा तिने सगळ्याच्या सगळ्या तळहाताने थापून टाकल्या, आजीच्या भाकरीसारख्या, आणि मी ओरडले. ओरडून झाल्यावर मी त्या परत वळल्या. तिने बघितलं. त्या संध्याकाळी तिने एक पण खाल्ली नाही, "त्या तुझ्या आहेत" म्हणाली.

आता मी दोन वेगळे ट्रे करते आणि ते तिला आधीच सांगते, हा आपला दोघींचा नीट ट्रे, हा तुझा एकटीचा, तुझ्याला मी हात लावणार नाही. तिच्या ट्रेमध्ये मासा असतो, दिवा असतो, एकदा किल्ल्यावरचा मावळा होता. फक्त एकच अट, जाडी करंगळीएवढी, कारण पातळ आणि जाड एकाच ट्रेमध्ये असले की पातळ करपतात तोवर जाड कच्चे राहतात. आणि पाहुण्यांचं म्हणाल तर फराळाच्या ताटात नीटवाली एक आणि तिची एक अशा दोन ठेवते. आजपर्यंत प्रत्येकाने तिचीच आधी उचललीय.

दोन मुलं आहेत, भांडतात.

गोळे मोजून द्या, दोघांना सारखे. आणि खूण ठेवा, एकाच्यावर काट्याने रेघा, दुसऱ्याच्यावर अंगठा. मोठ्याला "तू समजूतदार आहेस ना" म्हणून चाळणीचं काम धाकट्याला देऊ नका, चाळणीसाठी पाळी लावा.

नैवेद्याच्या आधी पोराने खाल्ली तर?

आमच्याकडे पहिला घाणा देवापुढे जातो. पहिल्या वर्षी आईंनी ट्रेमधून काढून देवापुढे ठेवली आणि गार व्हायच्या आत तिथून एक गायब. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, बाळकृष्णाने कुणाला विचारून लोणी खाल्लं होतं? विषय संपला. प्रत्येक घरचं वेगळं असतं, तुमच्याकडे कडक असेल तर देवाची वाटी आधीच उंचावर ठेवा.

पूर्वी बेकरीतून भाजून आणायचे ना?

हो! आमचं लहानपण सांगलीचं, तिथे घरी ओव्हन कुणाकडे? मैदा, रवा, साखर, डालडा असं सगळं सामान डब्यांतून बेकरीत न्यायचं, नंबर लावायचा, तिथले लोक लाकडी टेबलावर फेसून वळून काळ्या पत्र्यांवर लावायचे आणि भट्टीत सरकवायचे, किलोमागे मजुरी. आपलेच पत्रे आपल्याला मिळतायत ना ह्यावर लक्ष ठेवायचं काम पोरांचं. घरी येताना डबा मांडीवर गरम लागायचा. अजून पण काही गावांत भट्टीवाले असं भाजून देतात, जवळपास असेल तर पोरांना एकदा नेऊन भट्टी दाखवा.

नानकटाईचं मूळ सुरतचं सांगतात. तिथे डच लोकांची बेकरी होती, ते गेल्यावर ती दोतीवाला नावाच्या पारशी माणसाकडे आली आणि वाळवलेल्या पावापासून पुढे बिस्किटं, नानकटाई असं काहीतरी सुरू झालं, अशी गोष्ट आहे. नान म्हणजे फारसीत पाव-रोटी, तेवढं नक्की.

आम्ही बाहेरच्या देशात राहतो, तिकडे काय बदल?

ओव्हन फॅरेनहाइटचा असेल तर ३२५ ते ३४०. मैदा म्हणून ऑल पर्पज घ्या, सेल्फ रायझिंग नको, त्यात आधीच बेकिंग पावडर आणि बऱ्याचदा मीठही असतं. तिकडे दिवाळीत थंडी असते त्यामुळे तुपाचा प्रश्न उलटा, ते जरा बाहेर मऊ होऊ द्या. रवा इंडियन स्टोअरमधून बारीकच आणा. आणि मोठ्या ओव्हनचं दार खाली उघडतं, पोराच्या चेहऱ्याच्या उंचीला वाफ येते, तेव्हा रेघ जरा लांब मारा.

नाताळच्या सुट्टीत कटरने झाडं-चांदण्या करायच्यात, हेच पीठ चालेल?

नाही, हे लाटलं की फुटतं. त्यासाठी वेगळं, आणि लक्षात ठेवायला सोपं, वजनाने एक-दोन-तीन : ५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम मैदा. गोळा करून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटायचं, १७० ला १२ ते १५ मिनिटं. कटर नसेल तर वाटीने गोल आणि करंजीच्या कातण्याने शंकरपाळे, कातणं फिरवायला मुलं जीव टाकतात. कापल्यावर परत दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं तर चांदणीचे कोपरे टिकतात. वर लावायला एक वाटी पिठीसाखरेत दोन-तीन चमचे दूध, चमच्या चमच्याने, एकदम ओतलंत तर आमटी. रंगासाठी बीटाच्या रसाचे दोन थेंब आयसिंगमध्ये सुंदर दिसतात, पिठात घालू नका, भाजताना तो गुलाबी रंग राहत नाही.

गोव्याकडचं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या कुस्वाराबद्दल, म्हणजे नाताळच्या फराळाबद्दल, विचारा. नेवऱ्यो, दोदोल आणि खोबरं-रव्याची बोलिन्यास बिस्किटं, आणि कुलकुल तर पोरांनीच करायचा पदार्थ आहे, पिठाची गोळी काट्यावर किंवा स्वच्छ कंगव्यावर दाबून गुंडाळायची की शंखासारखी होते. तळायची मात्र मोठ्यांनी.

पसारा!!

होणारच. खाली जुनी चादर, संपलं की चार टोकं धरून गॅलरीत झटकायची. पोराला जुना टीशर्ट, केस बांधलेले, हात साबणाने धुतलेले, आणि नाकात बोट गेलं की परत धुवायचे. लादीवर सांडलेल्या तुपावर आधी कोरडा मैदा भुरभुरवा मग पुसा, नाहीतर दिवाळीभर सगळे घसरतील.

किती दिवस टिकतात? आणि चुऱ्याचं काय?

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, कोमट भरल्या तर वाफ धरून मऊ पडतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज, पण आमच्याकडे भाऊबीज पण बघत नाहीत. मऊ पडल्याच तर १५० ला पाच मिनिटं. चुरा फेकू नका, गरम दुधात घालून पोरांना द्या, किंवा श्रीखंडावर भुरभुरवा, ते मला चुकून सापडलेलं आहे आणि आता मुद्दाम दोन-चार मोडून ठेवते.